नळाच्या रांगेतला सिनेमा

आमची टॉकीज पाडून तिथे मॉल उभा राहिला त्याला बरीच वर्षं झाली. त्या रस्त्याने माझं आठवड्यातून तीन-चारदा जाणं असतं, कारण गणवेशाच्या कापडाचं ठोक दुकान त्याच्या मागेच आहे. कधी मान वर करून पाहिलं नाही. पाडलेल्या गोष्टीकडे बघत उभं राहायला मला वेळ नसतो. जून तोंडावर आला की अकोल्यातल्या पाच शाळांची पोरं माझ्या सहा मशीनवर अवलंबून असतात.

पण या एप्रिलमध्ये मी त्या मॉलमध्ये एका आठवड्यात दोनदा गेले आणि दोन सिनेमे पाहिले. एक प्रेमाचा, गाण्यांचा. दुसरा सुडाचा, रक्ताचा. दोन्ही दुपारच्या खेळाला, एकटीने. काचेमागच्या मुलीने विचारलं, "आंटी, एकच तिकीट?"

"एकच," मी म्हटलं. "आमच्या घरात एकच असते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिकीट दिलं.

दुपारच्या खेळातून बाहेर पडायला मॉलवाल्यांनी मागचं दार ठेवलं आहे. ते उघडतं नेमकं त्याच बोळीत, जिच्यात आमच्या टॉकीजचं मागचं दार उघडायचं. अंधारातून एकदम अकोल्याच्या उन्हात. डोळे मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांत आधी वास येतो. बोळीच्या टोकाला सरकीच्या पेंडीचं गोदाम अजून आहे. तेलकट, गोडसर, किंचित आंबलेला वास. मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, चक्कर आली का?" मी नाही म्हटलं आणि चालू लागले.

मी सिनेमे पाहायला गेले होते ते नलूताईसाठी. नलूताई माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, अमरावतीला दिलेली. जानेवारीत संक्रांतीचे तीळ निवडता निवडता ती एका बाजूला कलली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा पूर्ण गेली. पाय थोडा परत आला. वाचा आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तिला सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. आणि सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत जे यायचं ते भराभर येतं, पुढे वेग मंदावतो. मी कॅलेंडरवर खूण केली. पहिला सिनेमा पाहिला तेव्हा त्या खुणेला आठ दिवस उरले होते.

*

बाबा टॉकीजमध्ये गेटकीपर होते. खाकी शर्ट, हातात पितळी टॉर्च, खिशात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे. ते तुकडे धुण्यात निघायचे, लगदा होऊन, गुलाबी आणि हिरवे. मालकांनी कामगारांना नियम घालून दिला होता: प्रत्येक सिनेमाला घरच्यांसाठी एक पास. एकच. तोही सोमवारनंतर, दुपारच्या खेळाचा, गर्दी ओसरल्यावर.

आम्ही दोघी बहिणी. मग पाळी ठरली. एक सिनेमा नलूताईचा, पुढचा माझा. जी पाहून येईल तिने दुसरीला तो पूर्ण सांगायचा.

सांगायची जागा नळाची रांग. अकोल्यात तेव्हाही पाणी एक दिवसाआड, कधी चार दिवसांनी यायचं, आणि आमच्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ होता. दुपारी साडेतीनपासून पाण्याचे पितळी गुंड, बादल्या, डालड्याचे डबे ओळीने लागायचे. त्यांच्या शेजारी सावली सरकेल तशा बाया सरकायच्या. नळ पाचला यायचा, कधी सहाला. तेवढ्या वेळात अख्खा सिनेमा बसवायचा. नळाने आधी फुस्स करून हवा सोडली की सांगणारीने उरकतं घ्यायचं, कारण पाणी सुरू झालं की कोणी कोणाचं ऐकत नसे.

नियम दोनच. सांगणारी थांबली की ऐकणारीने "मंग?" म्हणायचं. "मंग?" आलं नाही, तर सांगणं तिथेच बंद. आणि सगळं संपल्यावर ऐकणारीने मत द्यायचं. न पाहिलेल्या सिनेमावर मत. ते द्यावंच लागे, "माहीत नाही" चालत नसे.

हळूहळू रांगेतल्या बायाही ऐकू लागल्या. शेवंताकाकू सगळ्यांत पुढे. लोणच्याच्या कैऱ्या फोडून फोडून तिच्या हातांना कायम हळदीचा पिवळा रंग असे. ती डब्यावर बसूनच मत द्यायची.

"हिरो गरीब हाये म्हणते अन् बूट पाह्यले का त्याचे? तुया बापाकडं हायेत का तसे?"

"काकू, तुमी कुठं पाह्यले बूट?" मी विचारलं.

"हिनंच सांगतलं नाई का आता, टकटक वाजवत आला म्हणून. गरिबाचे वाजतात व माय?"

नलूताई सांगायची तेव्हा रांग शांत बसायची. ती टॉकीजपासून सुरू करायची. छपरावरच्या भोंग्यावर आरती लागली, म्हणजे तिकिटाची खिडकी उघडली. पंख्याखाली वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या होत्या, त्यांचा वास. खारे दाणे, फिनाईल, विड्या. मग घंटा. मग पांढऱ्या पडद्यावरची मखमली झालर वर जायची, तीन ठिकाणी अडकत. मग सिनेमा. गाणी ती पूर्ण म्हणायची, कडव्यांसकट. एकदा ऐकून तिला कशी पाठ व्हायची कोण जाणे. बाईचं कडवं वेगळ्या आवाजात, पुरुषाचं वेगळ्या.

मी सांगायचे तेव्हा नळ यायच्या कितीतरी आधी संपायचं. "एक माणूस असते. त्याचं शेत बळकावते. तो मोठा होऊन सगळ्यायले मारते. संपला." शेवंताकाकू म्हणायची, "ही पोरगी तार करते, तार." नलूताई मात्र प्रत्येक वाक्याला "मंग?" म्हणायची, आणि त्या "मंग?"मुळे मला आणखी एक वाक्य आठवायचं, मग आणखी एक.

मी हे सगळं लिहिते आहे ते गोड वाटतं म्हणून नाही. पाण्याची रांग गोड नसते. खांद्याला गुंडाच्या कडांचे वळ पडायचे. पण हे खरं, की त्या रांगेत मी जितके सिनेमे पाहिले तितके पडद्यावर कधीच पाहिले नाहीत.

*

नलूताईकडे वाचेच्या उपचारासाठी एक तरुण मॅडम येतात. चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत. चित्रांचे पत्ते दाखवतात. आंबा. कप. कुत्रा. नलूताई पत्ता बघते आणि तोंड भिंतीकडे करते. सत्तावन्न वर्षांच्या बाईला कोणी कुत्रा ओळखायला लावला तर मीही तेच करीन.

मी मॅडमना नळाच्या रांगेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तेच करा ना. जुन्या सवयीतला शब्द कधी कधी आपोआप निघतो. आणि गाणं म्हणून बघा. बोलता येत नाही त्यांनाही कधी कधी गाता येतं."

मला एक शब्द हवा होता. "मंग?" एवढाच. बाकी मी सांभाळून घेतलं असतं.

म्हणून पहिला सिनेमा गाण्यांचा निवडला. मला पक्कं वाटत होतं, नलूताई म्हणजे गाणी.

सिनेमाविषयी माझं मत सांगते. दोन माणसं एकमेकांवर प्रेम करतात, एका गैरसमजामुळे दुरावतात आणि सात गाणी झाल्यावर भेटतात. तो गैरसमज एका फोनने मिटला असता. फोन दोघांच्या हातात सतत होते. प्रत्येक गाण्यात कपडे वेगळे, आणि ते मात्र चांगले बेतले होते. नायिकेच्या झग्याची पाठ कुठे सुरकुतली नाही. बर्फातून चालते तर घेर ओला व्हायला हवा, तो होत नाही. कोणी स्वयंपाक करत नाही. कोणाला नोकरी आहे असं दिसत नाही. माझ्या शेजारी दोन कॉलेजच्या मुली रडत होत्या. मी मोबाइलचा उजेड हाताने झाकून मापाच्या वहीच्या मागच्या पानावर गाण्याचे शब्द उतरवत होते. चौथं गाणं. त्यात तो म्हणतो, तू काही बोलू नकोस, मी ऐकतो. मला वाटलं, हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमरावतीला निघाले. मूर्तिजापूरला गाडी रेंगाळली. पलीकडे बंद पडलेल्या शकुंतला गाडीची अरुंद रूळवाट गवतात बुडालेली दिसते. नलूताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटी अमरावतीला गेले तेव्हा इथेच मुद्दाम जागी राहिले होते, तिला सांगायचा सिनेमा मनात घोकत. या वेळीही घोकत होते. समोरच्या बाईने विचारलं, "परीक्षा हाये का वो तुमची?"

नलूताई खिडकीशी खुर्चीत होती. भाऊजींनी तिची वेणी घातली होती, वाकडीतिकडी. भाऊजी एसटीत मेकॅनिक होते. इंजिन उघडणाऱ्या हातांना वेणी कशी जमणार? तरी रोज घालतात.

"आली का माय बारकी?" भाऊजी म्हणाले. "पाह्यला का सिनेमा?"

मी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि सुरुवात केली. आरती, वाळ्याच्या ताट्या, खारे दाणे, मखमली झालर. यातलं आता काहीच नसतं हे तिला ठाऊक आहे, पण मी घातलं. मग सिनेमा. आणि थांबले. तिची "मंग?"ची जागा मोकळी सोडली.

ती माझ्याकडे बघत राहिली.

मी पुढचं सांगितलं, पुन्हा थांबले. पुन्हा तेच. चौथ्या गाण्याशी आले तेव्हा वही उघडली आणि गाऊ लागले. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेली मशीन. भाऊजी स्वयंपाकघरातून डोकावले आणि परत आत गेले. मी दोन कडवी गायले. नलूताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हा मी ओरडले. सांगायला लाज वाटते, पण ओरडले. "मंग म्हण ना वो ताई! एवढं बी नाई का होत? मंग म्हण!"

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून येत नाही. मी पदराने पुसलं आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

भाऊजी चहा गाळत होते. म्हणाले, "बारके, तू गाणे काहून घेऊन आली?"

"तिले आवडतात ना."

"तिले?" भाऊजींनी गाळणी आपटली. "पस्तीस वर्षं झाले आमच्या लग्नाले, टीव्हीवर गाणं लागलं का ही उठून कुकर लावाले जाते. मारामारी लागली का हलत नाई. भाजी करपून राहिली तरी नाई हलत. गाणे कोणाले आवडत होते हे मले तिनंच सांगतलं हाये."

"कोणाले?"

"तुले. म्हणे आमची बारकी गाण्याबिगर सिनेमा ऐकतच नव्हती. गाणं सोडलं का 'मंग' म्हणे नाई. म्हणून पाठ करा लागत होते मले, म्हणे."

मी चहा घेतला. गरम होता, तसाच प्यायले. मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. माझी समजूत अशी होती की मी कोरडी आणि ती ओली. चाळीस वर्षं मी त्याच मापाने दोघींचं शिवत आले.

*

मारामारीचा एक सिनेमा मात्र मला चांगला आठवतो.

माय गेली त्या वर्षीचा. मी अकरा वर्षांची होते. माय गेली ते पोळ्याच्या आसपास. त्याविषयी मला लिहायचं नाही. घरात काही दिवस कापराचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. तिची काचेची हिरवी बांगडी नलूताईने तांदळाच्या डब्यात ठेवली होती, आणि तांदूळ घेताना ती मापट्याला लागून किणकिणायची. आम्ही दोघी तांदूळ घ्यायला तयार नसायचो. बाबाच घ्यायचे, गेटवर जाण्याआधी. टॉकीज त्यांनी तेरा दिवसही सोडली नाही. सोडता येत नव्हती.

दिवाळीनंतर टॉकीजला सुडाचा सिनेमा लागला. हातात कुऱ्हाड घेतलेल्या माणसाचं भलंमोठं चित्र दर्शनी भिंतीवर चढवलं होतं. पेंटरने रक्ताचा लाल रंग जास्त ओला घेतला होता, तो ओघळून खालच्या पानाच्या टपरीवर आला. त्या सिनेमाला पाळी माझी होती. मी दिवस मोजत होते. मंगळवारी शाळेतून आले, तर नलूताई घरात नव्हती आणि देवघरातल्या फळीवर पासही नव्हता.

तिने माझी पाळी घेतली होती.

नळाच्या रांगेत ती आली तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून बसले. तिने शेजारी गुंड ठेवला. म्हणाली, "सांगू का?"

"काहून गेली तू? माही पाळी होती."

"सांगू का नको?"

मी "मंग?" म्हणणार नव्हते. पण शेवंताकाकूच म्हणाली, "सांग व नलू."

तिने सांगितलं. हिरो असतो, त्याची माय असते. गुंड त्यांच्या घराला आग लावतात. माय दिसेनाशी होते. हिरोला वाटतं ती गेली. मग तो एकेकाला शोधून मारतो, विहिरीवर, गिरणीत, जत्रेत. नलूताई त्या दिवशी अडखळत होती. गाणी तिने गायली नाहीत. मध्येच थांबून मागचं दुरुस्त करायची. आणि शेवटी, शेवटच्या गुंडावर कुऱ्हाड उगारताना हिरोला हाक ऐकू येते. माय! ती जिवंतच होती. एका देवळात होती, डोक्याला मार लागून सगळं विसरली होती. हिरो कुऱ्हाड विहिरीत टाकून देतो.

रांगेत कोणी बोललं नाही. मला वाटलं, सगळ्यांना सिनेमा आवडला.

मी शेवंताकाकूकडे पाहिलं, कारण मला आठवलं की ती रविवारीच मुलाबरोबर तो सिनेमा पाहून आली होती. "हो का काकू? जित्ती असते का त्याची माय?"

काकूने नलूताईकडे पाहिलं. मग आपला डबा उचलला आणि आमचा गुंड स्वतःच्या जागी, पुढे सरकवला. "हो बाई," ती म्हणाली. "देवळात असते."

मत द्यायचं होतं. मी म्हटलं, "बोगस सिनेमा हाये. माय जित्तीच होती तर मारले काहून एवढे लोक? आधी देवळात पाह्याचं नाई का?"

नळाने फुस्स केलं. बाया उठल्या.

पाळी चोरल्याचा राग माझ्या मनात किती वर्षं होता! तिच्या लग्नात मुंडावळ्या बांधताना सुद्धा होता. मग माझं लग्न झालं, आणि एका दुपारी सासरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. मी कांदे चिरत होते. माय सुरुवातीलाच मरते. आगीत नाही, दारात, हिरोच्या मांडीवर, त्याच्याशी बोलता बोलता. स्वच्छ दिसते मेलेली. हिरो तिचे डोळे मिटतो. पुढे कोणतं देऊळ नाही, कोणती हाक नाही.

मी विळीवरून उठले नाही. सासूबाई म्हणाल्या, "कांदा लय तिखट हाये वाट्टे." मी हो म्हटलं.

नलूताईला हे मी कधीच सांगितलं नाही. तिला वाटतं, मला अजून माहीत नाही.

*

तर खुणेला तीन दिवस राहिले असताना मी रक्ताचा सिनेमा पाहिला. मत सांगते. अजिबात चांगला नाही. धाकट्या भावाला मारतात म्हणून थोरला भाऊ जवळजवळ पूर्ण शहर मारतो. हातोड्याने, विळ्याने, एकदा तर खिडकीच्या गजाने. पहिल्या मारामारीत पांढऱ्या शर्टावर पडलेले डाग दुसऱ्या मारामारीत नसतात. ते कोणी धुतले? एवढ्या मोठ्या गोदामातलं रक्त कोण पुसतं? पोरं शिट्ट्या वाजवत होती. माझ्या मागे एक बाई दर घावाला "आई गं" म्हणत होती आणि पॉपकॉर्न खात होती.

आणि तरी मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. त्याला मारायला कोणीतरी होतं. पत्ता होता, नावं होती, जाऊन दार तोडता येत होतं. माझ्या बहिणीच्या डोक्यात रक्ताची मुगाएवढी गाठ अडकली आणि तिचे सगळे शब्द घेऊन गेली, आणि मी कुठे जाऊ? कोणाच्या दारात? मध्यंतरात बाहेर गेले नाही, बसूनच राहिले. दिवे लागले तेव्हा कळलं, मी पदराचं टोक दातांनी उसवलं होतं.

खुणेच्या आदल्या दिवशी अमरावतीला गेले. स्टूल ओढलं. या वेळी ताट्या नाहीत, झालर नाही. माझ्या पद्धतीने सुरू केलं.

"दोन भाऊ असतात. मोठ्याचं गॅरेज असते. भाऊजीसारखं. लहाना भाऊ कॉलेजात. तो गुंडाच्या नादी लागते. एक दिवस गुंड त्याले धरतात, पुलाखाली नेतात, अन्..."

आणि मला पुढचा शब्द म्हणता येईना. साधा शब्द. सिनेमातला. नलूताई माझ्याकडे टक लावून बघत होती, वेणी वाकडी, उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. मी म्हटलं, "अन् त्याले लय मारतात. पाण्यात ढकलतात. मोठ्याले वाटते का तो गेला."

बोलून गेले. आता तो जिवंत होता, माझ्या हातात. पुढे मोठा भाऊ त्याची राख घेऊन फिरतो, तर राख नाहीशी करावी लागली. त्याच्या फोटोला हार असतो, तो काढावा लागला. स्मशानातली मारामारी मी बाजारात नेली. एक माणूस जिवंत ठेवायचा तर मागचं पुढचं सगळं उसवून पुन्हा शिवावं लागतं, आणि टाका दिसता कामा नये. मी अडखळत होते. मध्येच थांबून मागचं दुरुस्त करत होते. घाम फुटला होता. आणि मला दिसली सोळा वर्षांची नलूताई, गुंडाशेजारी उकिडवी, घाम पुसत, एवढ्या बायांसमोर, आपल्या आईला अख्खा सिनेमाभर जिवंत ठेवणारी. त्या वेळी ती सुद्धा आईवेगळीच होती. तिला कोणी काय सांगितलं होतं?

मी कुठेच थांबले नाही. "मंग?"साठी जागा सोडलीच नाही. थांबले असते तर मला पुढे जाता आलं नसतं.

"अन् शेवटी," मी म्हटलं, "तो शेवटच्याले माराले जाते, तर मागून हाक येते. लहाना भाऊ. जित्ता हाये. दूर गावाले एका देवळात होता. डोक्याले मार लागला होता, त्याले काही आठवे नाई. संपला."

देवळाचा शब्द उच्चारला तेव्हा मला कळलं की मी काय सांगितलं आहे. तिलाही कळलं.

नलूताईचा डावा हात उठला. तिने माझं मनगट धरलं. ताकद एवढी की बांगडी रुतली. तिचं तोंड उघडलं, एका बाजूला ओढलं गेलं, घशातून हवा आली. नुसती हवा, नळाला पाणी यायच्या आधी येते तशी. भाऊजी दारात आले, हातात कणीक.

"मा," ती म्हणाली.

भाऊजी एक पाऊल आत आले.

"माय." तिने डोळे मिटले, मान झटकली, पुन्हा तोंड उघडलं. एवढ्या वर्षांची गोष्ट ती एका हाताने ओढून काढत होती. "माय. मे... मेली."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. भीतीने. मला आत्ताच, या खुर्चीशेजारी, पहिल्यांदा कळतंय असं समजून.

मला तिला सांगता आलं असतं की मला माहीत आहे. कांदे चिरत होते तेव्हापासून माहीत आहे. पण ऐकणारीने मध्ये बोलायचं नसतं. ऐकणारीला एकच शब्द असतो. मी स्टूल आणखी पुढे ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

"मंग?" मी म्हटलं.

तिचे ओठ हलत होते. हवा येत होती.

"मंग, ताई?"